श्वानाची नसबंदी : करावी का आणि केव्हा?

भाद्रपद लागला की शहरातील गल्ल्यांचे रात्रीचे रूप पालटते. एका मादीमागे सात-आठ नरांचा घोळका धावतो, भांडणे जुंपतात आणि सकाळी फाटलेले कान, लंगडणारे पाय दिसतात. याच दिवसांत एखाद्या घराचे दार क्षणभर उघडे राहते आणि पळालेल्या लॅब्रॅडॉरचा शोध घेत घरची मंडळी रात्रभर हिंडतात. पुढे कार्तिकात इमारतींच्या पार्किंगमध्ये, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाऱ्याआड, बंद दुकानांच्या फळ्यांखाली पिल्ले दिसू लागतात. कुत्रीचा गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा असल्याने हे गणित सहसा चुकत नाही. त्या पिल्लांपैकी किती जगतात, हे त्या गल्लीत राहणाऱ्यांना ठाऊक असते.

रस्त्यावरची देशी कुत्री बहुतांशी या एका हंगामात माजावर येतात. घरात पाळल्या जाणाऱ्या परदेशी जातींना मात्र ऋतूचे बंधन नाही. मादी साधारण दर सहा ते आठ महिन्यांनी माजावर येते आणि नर बारा महिने तयार असतो. त्यामुळे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पिल्लू आणणाऱ्या कुटुंबापुढे वर्षभराच्या आत एक प्रश्न उभा राहतोच : नसबंदी करावी का, आणि करायची तर कोणत्या वयात? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याचे उत्तर सोपे मानले जाई. ‘सहा महिन्यांचे झाले की करून टाका,’ एवढाच सल्ला मिळे. आता तसे राहिलेले नाही. मधल्या काळात झालेल्या संशोधनाने जात, वजन आणि लिंग यांनुसार उत्तर बदलते, हे दाखवून दिले आहे. पशुवैद्यकांमध्येही याबाबत एकवाक्यता नाही, त्यामुळे दोन दवाखान्यांत दोन सल्ले मिळाले तर गोंधळून जाण्याचे कारण नाही.

‘नसबंदी’ हा शब्दच मुळात थोडा फसवा आहे. माणसांच्या नसबंदीत वीर्यवाहिनी तेवढी बांधतात किंवा कापतात, संप्रेरके तयार करणारी ग्रंथी जागेवरच राहते. श्वानांच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत तसे होत नाही. मादीची बीजांडे आणि बहुधा गर्भाशयही काढून टाकतात. नराचे दोन्ही वृषण काढतात. म्हणजे केवळ पिल्ले होण्याचे थांबत नाही, तर संप्रेरकांचा पुरवठाही कायमचा बंद होतो. या विषयातील सगळे फायदे आणि सगळे तोटे या एका गोष्टीतून निघतात. महापालिकांच्या कागदपत्रांत येणारा ‘निर्बीजीकरण’ हा शब्द त्या मानाने अधिक नेमका आहे; परंतु आणीबाणीच्या काळापासून धाक चिकटलेला ‘नसबंदी’ हाच शब्द लोकांच्या तोंडी रुळला आहे. कुटुंबातील एखादे ज्येष्ठ ‘मुक्या जिवावर हा अन्याय कशाला?’ असे म्हणतात, त्यामागे त्या शब्दाचाही थोडा वाटा असावा.

माजाचे दिवस आणि एक घातक गैरसमज

मादी पहिल्यांदा माजावर येण्याचे वय जातीनुसार बदलते. पॉमेरेनियन, शित्झूसारख्या लहान जातींत ते सहाव्या-सातव्या महिन्यात येऊ शकते. ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्या अवाढव्य जातींत दीड-दोन वर्षेही लागतात. माज सुमारे तीन आठवडे टिकतो. सुरुवातीला योनीभोवती सूज येते, रक्तस्राव होतो, नर मागे लागतात. पण मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. हा टप्पा सरासरी नऊ दिवसांचा असतो. त्यानंतर रक्ताचा रंग फिकट होतो, स्राव कमी होतो आणि तेव्हा मादी नराला स्वीकारते. हा दुसरा टप्पाही सरासरी तेवढाच असतो, मात्र दोन्हींत दिवसांचा फरक पुष्कळ पडू शकतो.

घरोघरी याला ‘पाळी आली’ असे म्हणतात आणि गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. स्त्रियांची पाळी हा चक्राचा शेवट असतो, तर कुत्रीचा रक्तस्राव ही चक्राची सुरुवात असते. रक्त थांबले म्हणजे धोका टळला, असे समजून अनेक जण नेमक्या त्याच दिवशी मादीला पुन्हा खाली फिरायला नेऊ लागतात. गर्भधारणेचे खरे दिवस तेच असतात. नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात कित्येक दिवस जिवंत राहू शकतात, त्यामुळे एकदाच झालेला संबंधही पुरेसा ठरतो. एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. एका घरातील सख्खी भावंडे एकमेकांपासून दूर राहतील, ही अपेक्षाही व्यर्थ आहे; श्वानांना नातेसंबंधांचा असा विचार नसतो.

संबंधाच्या वेळी नर-मादी काही मिनिटे, कधी अर्धा तासही एकमेकांना अडकून राहतात. ही नैसर्गिक क्रिया आहे. त्या वेळी काठी मारून किंवा पाणी ओतून त्यांना वेगळे करण्याचा जो प्रकार रस्त्यावर सर्रास चालतो, त्याने दोघांनाही गंभीर इजा होऊ शकते आणि गर्भधारणा टळत नाही ती नाहीच.

गर्भाशयातील पू

मादीच्या बाबतीत निर्णयाचे पारडे झुकवणारी सर्वांत मोठी गोष्ट पिल्ले नव्हेत, तर पायोमेट्रा हा आजार आहे. गर्भाशयात पू साठणे, असे त्याचे साधे वर्णन करता येईल. माज संपल्यावर गर्भ राहो वा न राहो, कुत्रीच्या शरीरात सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी चढी असते. गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्याचे आकुंचन मंदावते आणि तोंड मिटते. माजाच्या काळात आत शिरलेल्या जंतूंना, विशेषतः ई. कोलाय या जंतूला, वाढण्यास यापेक्षा सोयीची जागा नाही. प्रत्येक माजाबरोबर अस्तरातील बदल साठत जातात आणि मध्यम वय ओलांडल्यावर धोका वाढतो.

चित्र बहुधा ठरलेले असते. सात-आठ वर्षांची मादी, माज होऊन महिना-दोन महिने झालेले, ती अचानक खूप पाणी पिऊ लागते, वारंवार लघवी करते, जेवणाकडे पाठ फिरवते, उलट्या होतात, मलूल पडून राहते. वय झाले किंवा पोट बिघडले, असे समजून घरचे दोन दिवस दही-भात देऊन पाहतात. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर शेपटीखाली पू दिसतो आणि निदान लवकर होते. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. पोट फुगते, विष रक्तात भिनते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, गर्भाशय फुटण्याचीही भीती असते. हा दुसरा प्रकार अधिक जीवघेणा. खात्रीचा उपाय म्हणजे तातडीची शस्त्रक्रिया. म्हणजे जी शस्त्रक्रिया तरुण वयात, निरोगी शरीरावर, वेळ ठरवून करता आली असती, तीच म्हातारपणी, रक्तात जंतुविष असताना, मध्यरात्री करावी लागते. नसबंदीला ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

हा आजार किती आढळतो, याचे चांगले उत्तर स्वीडनमधून मिळाले. तेथे निरोगी कुत्र्यांची सरसकट नसबंदी करण्याची पद्धत नव्हती आणि बहुसंख्य कुत्र्यांचा विमा उतरवलेला असे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या विमानोंदींच्या अभ्यासात दहा वर्षांच्या आत जवळपास दर चार माद्यांपैकी एकीला पायोमेट्रा झाल्याचे दिसले. जातीनुसार हे प्रमाण बरेच कमी-जास्त होते.

‘अर्धा टक्का’ म्हणजे काय?

स्तनांच्या गाठी हा दुसरा मुद्दा. वयस्कर, नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये त्या नेहमी आढळतात आणि ढोबळमानाने त्यांतील निम्म्या कर्करोगाच्या निघतात. लवकर नसबंदी केल्यास हा धोका कमी होतो, हे सांगताना एक जुनी आकडेवारी हमखास दिली जाते : पहिल्या माजापूर्वी केल्यास अर्धा टक्का, पहिल्या माजानंतर आठ टक्के, दुसऱ्यानंतर २६ टक्के. हे आकडे १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील आहेत आणि ते बहुधा चुकीचे वाचले जातात. शंभर माद्यांपैकी २६ जणींना कर्करोग होईल, असा त्यांचा अर्थ नाही. नसबंदी न झालेल्या मादीला जेवढा धोका असतो, त्याच्या तुलनेत किती धोका उरतो, ते हे प्रमाण आहे.

ब्रिटनमधील संशोधकांनी २०१२ साली या विषयावरील उपलब्ध अभ्यासांची छाननी केली, तेव्हा पुरावा वाटतो तितका भक्कम नसल्याचे त्यांनी नोंदवले. लवकर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असे त्यांनी म्हटले नाही. त्याचे मोजमाप पक्के नाही, एवढेच म्हटले. तेव्हा केवळ अर्ध्या टक्क्याच्या आकड्यासाठी मोठ्या जातीच्या पाच महिन्यांच्या पिल्लाला टेबलावर घेण्याची घाई आज समर्थनीय ठरत नाही. उलट, अडीच-तीन वर्षांनंतर शस्त्रक्रिया केल्यास स्तनांच्या गाठींच्या बाबतीत मिळणारा फायदा फारसा उरत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

वयाचा वाद

लवकर करण्याविरुद्धचा मुख्य आक्षेप हाडांशी संबंधित आहे. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या वयात येताना संप्रेरकांमुळे बंद होतात आणि उंची वाढण्याचे थांबते. त्याआधीच संप्रेरके काढून घेतली तर पट्ट्या उशिरा बंद होतात, हाडे किंचित अधिक लांब वाढतात आणि सांध्यांचे कोन बदलतात. लहान चणीच्या कुत्र्याला याने फरक पडत नाही. तीस-पस्तीस किलोंच्या कुत्र्याच्या खुब्यावर आणि गुडघ्यावर मात्र त्याचा भार पडू शकतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट आणि लिनेट हार्ट यांच्या गटाने २०१३ पासून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. प्रथम गोल्डन रिट्रीव्हर, मग लॅब्रॅडॉर, २०१६ मध्ये जर्मन शेफर्ड आणि २०२० मध्ये एकूण ३५ जाती, असा त्यांचा क्रम आहे. जर्मन शेफर्डचे आकडे बोलके आहेत. नसबंदी न झालेल्या नरांपैकी सात टक्क्यांना सांध्यांचा एखादा विकार जडला होता. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांत हे प्रमाण २१ टक्के निघाले. माद्यांमध्ये पाच टक्क्यांवरून ते सोळा टक्क्यांवर गेले. शिवाय वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांपैकी सात टक्के माद्यांना पुढे लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास झाला. या जातीच्या बाबतीत दोन वर्षे थांबावे, असे या गटाने सुचवले. लॅब्रॅडॉर नराला सहा महिन्यांनंतर, मादीला वर्षानंतर. गोल्डन रिट्रीव्हर नराला वर्षानंतर, अशा त्यांच्या शिफारशी आहेत. गोल्डनची मादी हे अवघड प्रकरण आहे. तिच्यात कोणत्याही वयातील नसबंदीनंतर काही कर्करोगांचे प्रमाण वाढलेले दिसले, म्हणून ती करूच नये किंवा वर्षाची झाल्यावर करून पुढे तपासण्या चालू ठेवाव्यात, असे ते सांगतात. मिश्र जातींमध्ये २० किलो ही सीमारेषा ठरली. त्याहून जड होणाऱ्या कुत्र्याची शस्त्रक्रिया वर्षाच्या आत करू नये, असा निष्कर्ष आहे.

या अभ्यासांच्याही मर्यादा आहेत. त्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयातील नोंदी आहेत आणि अशा ठिकाणी गुंतागुंतीचे रुग्ण अधिक येतात. तरीही ‘सर्वांना सहा महिने’ या जुन्या नियमाला त्यांनी धक्का दिला, तो कायमचा. अमेरिकेतील पशुरुग्णालयांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हा बदल उतरला. मोठेपणी २० किलोंच्या आत राहणाऱ्या नराची सहाव्या महिन्यात आणि मादीची पहिल्या माजापूर्वी, पाच-सहा महिन्यांत. मोठ्या जातीच्या नराची वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे नऊ ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान. आणि मोठ्या जातीच्या मादीची पाच ते पंधरा महिन्यांच्या विस्तृत कालखंडात, तिची परिस्थिती पाहून, असे त्या म्हणतात.

आयुर्मानाचा प्रश्नही निघतोच. अमेरिकेतील चाळीस हजारांहून अधिक श्वानांच्या मृत्युनोंदी तपासून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नसबंदी झालेल्यांचे मृत्युसमयीचे सरासरी वय ९.४ वर्षे, तर न झालेल्यांचे ७.९ वर्षे आढळले. पहिल्या गटात संसर्ग आणि अपघाताने होणारे मृत्यू कमी, तर कर्करोगाचे अधिक होते. अर्थात, ज्या घरात शस्त्रक्रियेचा खर्च केला जातो त्या घरात इतर काळजीही अधिक घेतली जाते, ही बाब अशा तुलनेतून वेगळी काढणे कठीण असते.

देशी पिल्लासाठी पंचांग

रस्त्यावरून उचलून घरी आणलेल्या देशी पिल्लाच्या बाबतीत निर्णय सर्वांत सोपा आहे. ही कुत्री बहुधा २० किलोंच्या आत राहतात, त्यामुळे सांध्यांची चिंता कमी. कार्तिक-मार्गशीर्षात जन्मलेली मादी पुढच्या भाद्रपदात नऊ-दहा महिन्यांची होते आणि तेव्हा ती पहिल्यांदा माजावर येण्याची शक्यता असते. म्हणून जून-जुलैमध्ये, लसीकरण पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया उरकणे सोयीचे. पावसाळ्यात शस्त्रक्रिया करू नये, हा समज मात्र खरा नाही. जखम ओली होऊ न देणे आणि दहा-बारा दिवस चिखलापासून दूर ठेवणे एवढेच पथ्य जास्तीचे असते.

मादी आधीच माजावर आली असेल तर थांबावे. त्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या आणि उती नाजूक असतात, रक्तस्राव अधिक होतो. माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी, शरीर शांत झाल्यावर शस्त्रक्रिया करणे उत्तम. त्याआधी केल्यास आणखी एक अडचण उद्भवते. माजानंतर दोनेक महिन्यांनी काही माद्यांना गर्भ नसतानाही दूध येते, त्या खेळण्यांना पिल्लांसारख्या कवटाळून बसतात. याच सुमारास बीजांडे काढली तर ही खोटी गर्भावस्था रेंगाळू शकते.

‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, म्हणजे मादी शांत होते,’ असे सांगणारे शेजारी प्रत्येक सोसायटीत भेटतात. त्याला वैद्यकीय आधार नाही. एका वेतामुळे ना पायोमेट्रा टळतो, ना स्वभाव बदलतो. लॅब्रॅडॉरच्या एका वेतात सात-आठ पिल्ले सहज होतात. ती दोन महिन्यांची होईपर्यंत सांभाळणे, जंतांचे औषध, पहिली लस आणि मग प्रत्येकासाठी घर शोधणे, हा खर्चाचा आणि श्रमाचा भाग कुणी सांगत नाही. ‘एक पिल्लू मला हवे’ म्हणणारे नातेवाईक ऐन वेळी गावाला गेलेले असतात. पिल्ले विकण्याचा विचार असेल तर २०१७ च्या नियमांनुसार प्रजनन करून विक्री करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.

नराचे काय?

नराच्या बाबतीत वैद्यकीय कारणे तुलनेने दुबळी आहेत, हे मान्य केले पाहिजे. उतारवयात पुरःस्थ ग्रंथी वाढून मल-मूत्र विसर्जनाला त्रास होणे, गुदद्वाराभोवतीच्या गाठी आणि वृषणांतील गाठी एवढे आजार नसबंदीने टळतात. परंतु त्यांतील बहुतेक आजार उद्भवल्यावर शस्त्रक्रिया करूनही बरे होतात. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग मात्र याने टळत नाही. म्हणूनच घरात एकटा राहणारा, साखळीविना बाहेर न जाणारा आणि वागण्याची तक्रार नसलेला नर तसाच ठेवला, तर तो निष्काळजीपणा ठरत नाही. अपवाद एकच. एक किंवा दोन्ही वृषण खाली न उतरता पोटात अथवा जांघेत अडकलेले असतील, तर शस्त्रक्रिया आवश्यक आहे. अशा अडकलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका कितीतरी पट अधिक असतो, आणि हा दोष आनुवंशिक असल्याने अशा नराची पिल्ले होऊ देणेही योग्य नाही.

वागणुकीसाठी शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी अपेक्षा तपासून घ्याव्यात. मादीच्या वासाने पळून जाणे, घरात जागोजागी लघवीचे शिंतोडे उडवणे, पाहुण्यांच्या पायांवर चढणे, इतर नरांशी भांडणे यांत अनेकदा फरक पडतो. भीतीपोटी भुंकणे-चावणे याने थांबत नाही. काही भित्र्या कुत्र्यांत ते वाढूही शकते. फटाक्यांना किंवा अनोळखी माणसांना बुजणाऱ्या कुत्र्याला आधी प्रशिक्षणाची गरज असते. काही घरांत अडसर वेगळाच असतो. मादीच्या शस्त्रक्रियेला चटकन होकार देणारे कुटुंबप्रमुख नराचा विषय निघाला की गंभीर होतात. कुत्र्याला आपल्या पौरुषाची जाणीव असते, हे मात्र कुणी सिद्ध केलेले नाही.

इंजेक्शनचा आडमार्ग

शस्त्रक्रिया नको म्हणून माज पुढे ढकलणारी इंजेक्शने देण्याचा प्रकार अजून चालतो. प्रोजेस्टेरॉनसारखा परिणाम करणारी ही औषधे स्वस्त आणि सोपी वाटतात. पण त्यांनी नेमका पायोमेट्राचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो, काहींना मधुमेह होतो. चुकून संबंध झाल्यावर ‘गर्भ राहू नये’ म्हणून देण्यात येणारे इस्ट्रोजेनचे इंजेक्शनही असेच. त्याने गर्भाशयात पू होऊ शकतो आणि अस्थिमज्जा दबून रक्तपेशी तयार होण्याचे थांबण्याची भीती असते. अशा वेळी घाबरून लगेच इंजेक्शनाचा आग्रह धरण्यापेक्षा २५ ते ३० दिवसांनी सोनोग्राफी करून गर्भ राहिला आहे का, हे पाहावे आणि मग डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा.

केवळ वीर्यवाहिनी कापण्याची किंवा बीजांडे ठेवून गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रियाही आहे. हाडांची वाढ आणि संप्रेरके त्यामुळे सुरक्षित राहतात. मात्र माजाची लक्षणे, नरांचा घोळका आणि स्तनांच्या गाठींची शक्यता तशीच राहते. ती करणारे पशुवैद्यकही मोजकेच आहेत.

टेबलावर घेण्यापूर्वी

शस्त्रक्रिया नेहमीची असली तरी मादीच्या बाबतीत ती पोट उघडून केलेली मोठी शस्त्रक्रिया आहे. महाराष्ट्रात एक खबरदारी विशेष महत्त्वाची : गोचीड ताप. एर्लिकिया, बॅबेसिया या गोचिडांतून पसरणाऱ्या जंतूंची लागण आपल्याकडे नेहमीची आहे आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातही प्लेटलेट्स घसरलेल्या असू शकतात. त्या दोन लाखांच्या वर असणे अपेक्षित असते. त्या फारच खालावलेल्या असताना शस्त्रक्रिया झाली तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. म्हणून रक्ततपासणी आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या केल्याशिवाय तारीख घेऊ नये, मग कुत्रे कितीही तरुण असो. पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भुलीचा धोका अधिक असतो, शुद्धीवर येतानाही श्वासनलिकेकडे लक्ष ठेवावे लागते.

दवाखाना निवडताना खर्चाआधी काही प्रश्न विचारावेत. भूल वायूची की केवळ इंजेक्शनची, भुलीवर लक्ष ठेवण्यासाठी दुसरी व्यक्ती असते का, वेदनाशामक किती दिवस देणार, रात्री काही झाले तर फोन कोण उचलणार? खासगी दवाखान्यांचे दर परवडत नसतील तर मुंबईत परळ, साताऱ्याजवळ शिरवळ, तसेच नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करता येते. किती तास उपाशी ठेवायचे, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे; लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवल्यास रक्तातील साखर घसरते. घरून निघण्यापूर्वी आजीने प्रेमाने भरवलेले बिस्किट भुलीच्या वेळी उलटीबरोबर श्वासनलिकेत जाऊ शकते, ही गोष्ट घरातील सर्वांना आदल्या दिवशीच सांगितलेली बरी.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर गळ्यात प्लास्टिकची कॉलर हवी. एका रात्रीत कुत्रे दाताने टाके उसवू शकते. उड्या, जिने आणि अंघोळ बंद. जखमेतून रक्त झिरपणे, हिरड्या पांढऱ्या पडणे किंवा दुसऱ्या दिवशीही उठून न बसणे ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. नराचे वृषण काढले तरी आधीचे शुक्राणू काही आठवडे वाहिन्यांत राहतात, त्यामुळे त्याला महिनाभर तरी माजावरील मादीपासून दूर ठेवावे लागते.

नसबंदीनंतर कुत्रे लठ्ठ होते, ही तक्रार खरी आहे. पण दोष ताटाचा असतो. शरीराची ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्शाने कमी होते, भूक मात्र वाढते. तेव्हा पोळ्या आणि ग्लुकोज बिस्किटे पूर्वीएवढीच चालू राहिली तर वजन वाढणारच. लघवीचा त्रास कधी कधी शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी, विशेषतः मोठ्या जातीच्या माद्यांत दिसतो. झोपेत अंथरूण ओले होते आणि शिस्त बिघडली म्हणून तिला ओरडा बसतो. हा आजार आहे आणि बहुतेकदा गोळ्यांनी आटोक्यात येतो.

कायदा आणि रस्ता

१० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. रस्त्यावरील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी त्यांत स्थानिक संस्थांवर आहे, तर पाळीव श्वानाचे लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी मानली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबतचा आपलाच आधीचा आदेश बदलला आणि रेबीजची लागण झालेली वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर त्यांच्याच भागात सोडावे, असे म्हटले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, स्थानके अशा आवारांतील कुत्र्यांना त्या जागी परत सोडण्यास मनाई झाली. या सर्व वादात घरांतून रस्त्यावर आलेल्या कुत्र्यांचा उल्लेख क्वचितच होतो. बदली झाली, बाळ आले, घरमालकाने हरकत घेतली, अशा कारणांनी सोडून दिलेला नसबंदी न झालेला लॅब्रॅडॉर वा पॉमेरेनियन त्याच लोकसंख्येत भर घालतो आणि स्वतः बहुधा फार काळ टिकत नाही.

रस्त्यावरची प्रौढ मादी घरी आणणाऱ्यांनी आधी तिचे कान पाहावेत. निर्बीजीकरण मोहिमेत शस्त्रक्रियेच्या वेळी भूल असतानाच कानाला छोटी खाच पाडतात. खाच असेल तर तिला पुन्हा टेबलावर घेण्याचे कारण नाही. खाच नसेल, किंवा ती भांडणात फाटलेल्या कानासारखी दिसत असेल, तर पोटावरील केस भादरून जुन्या टाक्यांचा व्रण शोधतात. तोही सापडला नाही तर सोनोग्राफी करावी, किंवा येणाऱ्या भाद्रपदापर्यंत घरात बंदोबस्तात ठेवून ती माजावर येते का, ते पाहावे.